घटाची ओल

घटस्थापनेच्या दिवशी आमची आई शेतातून आणलेली काळी माती चाळणीने चाळायची. पत्रावळीवर तिचा चांगला बोटभर थर द्यायची, त्यात गहू, ज्वारी, हरभरा, जवस, करडई असे हाताला लागेल ते धान्य मिसळायची आणि मधोमध कुंभाराकडून आणलेला नवाकोरा घट पाण्याने भरून ठेवायची. पुढचे नऊ दिवस मातीवर ती जवळजवळ पाणी घालतच नसे. नवा घट पाझरतो. त्याच्या अंगातून उतरणारी ओल मातीला पुरते. घटातले पाणी खाली गेले की तेवढेच वरून भरायचे. मला मात्र धीर नव्हता. सातवीत असताना तिसऱ्या माळेलाही कोंब दिसेना, म्हणून दुपारी सगळे कलंडल्यावर मी तांब्याभर पाणी ओतून आलो. दुसऱ्या दिवशीही ओतले. पाचव्या माळेला देवघरात आंबूस वास सुटला. बसवलेला घट हलवायचा नसतो, म्हणून आईने कडेची माती बोटाने उकरली, फडक्याने पाणी टिपून टिपून काढले आणि हे कुणी केले ते विचारलेही नाही. दसऱ्याला गल्लीतल्या सगळ्यांच्या टोप्यांवर हिरवे-पिवळे तुरे डुलत होते. वडिलांच्या वाट्याला चार काड्या आल्या. त्या चार काड्याच टोपीत खोवून ते सीमोल्लंघनाला गेले.

यंदा, २०२५ साली, दसरा आणि गांधीजयंती एकाच तारखेला आली आहे. त्यात २ ऑक्टोबर हा ग्रामसभेचाही ठरलेला दिवस. म्हणजे आपट्याची पाने, चरखा आणि ग्रामसभेचे हजेरी रजिस्टर असा तिहेरी योग. सण सांगतो सीमा ओलांडा. आणि ज्यांची जयंती, ते गृहस्थ आयुष्यभर स्वतःभोवती सीमा आखत राहिले. त्यातून यंदाचा पावसाळा असा, की सप्टेंबरात मराठवाडा, सोलापूर आणि आपल्या नगर जिल्ह्याची दक्षिण बाजू पावसाने झोडपून काढली. सीना पात्र सोडून शेतात शिरली, पिकाबरोबर मातीही घेऊन गेली. जिथे पावसासाठी देव पाण्यात ठेवतात तिथे लोक हात जोडून ‘आता पुरे’ म्हणत होते. अशा वर्षी पाण्याच्या काटेकोर हिशेबावर लिहिणे म्हणजे पूरग्रस्ताला नळ बंद करायला सांगण्यासारखे आहे, हे मला कळते. तरीही पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या हिवरे बाजार या गावावर लिहायचे तर हेच वर्ष बरे. टंचाईत सगळेच काटकसर करतात. करतात कसली, करावी लागते.

हिवरे बाजार नगर तालुक्यात, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. (जिल्ह्याचे नाव कागदावर अहिल्यानगर झाले, जिभेवर अजून नगरच आहे.) गावाची गोष्ट महाराष्ट्राला इतकी पाठ झाली आहे की सांगताना संकोच वाटावा. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, हातभट्ट्या जोरात आणि कमावती माणसे गावाबाहेर. सरकारी नोकराची इथे बदली म्हणजे शिक्षा समजली जाई. पैलवानांचे म्हणून ओळखले जाणारे गाव भांडणांचे म्हणून ओळखले जाऊ लागले. १९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंच होण्याची गळ घातली. ते एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे, नोकरी करून शहरात सुखाने राहू शकले असते असे. निवड बिनविरोध झाली. मग शाळेची डागडुजी, श्रमदान, डोंगरावर सलग समतल चर, रोजगार हमीच्या पैशातून बांध आणि पाझर तलाव, नव्वदीच्या मध्यावर आदर्श गाव योजनेत समावेश, आणि २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबे १९९५ मध्ये १६८ होती, ती पुढे तीनवर आली. गेलेली माणसे परत आली.

या गोष्टीचा शेवट आपण नेहमी लखपतींच्या आकड्याने करतो. अभ्यासदौऱ्याच्या बसगाड्या येतात, सदरा-लेंग्यातले सदस्य उतरतात, फोटो होतात, गावात लखपती किती हे वहीत लिहून घेतले जाते आणि बस परत फिरते. तो आकडा खोटा आहे असे नव्हे; पण मला त्याच्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटते. गाव सुधारणे हे एक काम झाले. सुधारलेले गाव तीस-पस्तीस वर्षे सुधारलेलेच राहणे हे त्याहून अवघड. आपण सगळेच पहिल्या कामात तरबेज असतो. एक जानेवारीला पहाटे उठतो, पाडव्याला रोजनिशी लिहायला घेतो, आषाढीला चहा सोडतो. चातुर्मास संपायच्या आत चहा परत आलेला असतो. मग पुढच्या वर्षी तोच संकल्प, त्याच उत्साहाने. संकल्पाचा उत्साह हीच आपल्याला निष्ठा वाटू लागते.

हिवरे बाजारने स्वतःला जे नियम घातले त्यांची नावेच पाहा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, लोटाबंदी, बोअरवेलबंदी. आणि श्रमदान. सातांतली सहा ‘बंदी’. आजच्या कानाला ही यादी रूक्ष लागते. आपल्याला मूल्ये ऐकायची सवय आहे ती भरघोस शब्दांत: सद्भाव, समर्पण, सकारात्मकता. त्यांच्यापुढे ‘लोटाबंदी’, म्हणजे उघड्यावर शौचाला जायचे नाही, हे अगदीच धोतर सोडून बोलणे. पण सद्भाव मी आज पाळला की नाही हे रात्री सांगता येत नाही. कुऱ्हाड चालवली की नाही, हे मात्र सांगता येते. शेजाऱ्यालाही सांगता येते.

चराईबंदीचेच घ्या. डोंगरावर गवत उगवते, शेळी-गाय मोकळी सुटते, कोवळा कोंब जमिनीसरशी खाल्ला जातो, मुळे धरायच्या आत पुन्हा खाल्ला जातो. माती उघडी पडते, पहिल्या वळवाने वाहून जाते आणि पाझर तलावात गाळ होऊन बसते. गावाने ठरवले: गवत कापून न्या, जनावर डोंगरावर सोडू नका. विळा चालेल, खूर चालणार नाही. पुढे गवताचे उत्पादन शंभर टनांवरून सहा हजार टनांपर्यंत गेल्याची नोंद आहे, आणि त्याच गवतावर गावाचा दूधधंदा उभा राहिला. ऐकायला हे सोपे वाटते. पण पहिल्या दोन-तीन वर्षांची कल्पना करा. दावणीला जनावर हंबरते आहे, समोर डोंगरावर नुकते हिरवे दिसू लागले आहे, आणि घरातली म्हातारी विचारते आहे की हे गवत काय पूजेला ठेवायचे का. त्या वेळी गवताचे सहा हजार टन कुणीच पाहिलेले नव्हते.

अशा प्रसंगी माणसाला कोण सावरते? मनाची शांती सावरते असे म्हणतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही, कारण हंबरणाऱ्या जनावरापुढे मन शांत नसतेच, आणि नसावेही. सावरतो तो नियम, जो आपणच आधी, पोट भरलेले आणि डोके थंड असताना, चार जणांच्या साक्षीने घालून घेतलेला असतो. हे शहाणपण हिवरे बाजारचे एकट्याचे नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरात तोर्बेल नावाचे गाव आहे. तिथे १५१७ सालचा एक नियम नोंदलेला आहे: हिवाळाभर ज्याला जेवढ्या गाई स्वतःच्या वैरणीवर पोसता येतील, तेवढ्याच त्याने उन्हाळ्यात गावाच्या सामाईक कुरणावर न्याव्यात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक साधनसंपत्ती सांभाळणाऱ्या अशा गावांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक कुरण म्हटले की लोक ते ओरबाडणारच, म्हणून एकतर ते सरकारच्या ताब्यात द्या नाहीतर विकून टाका, असे तोवर पंडित सांगत होते. ऑस्ट्रॉम यांनी दाखवले की लोक स्वतः नियम करतात, स्वतः नजर ठेवतात आणि शतकानुशतके टिकतात. आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, तो याच जातीचा. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही.

उसाचा मुद्दा आला आहे तर थोडा थांबतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे. हा जिल्हा साखरेचा. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, इथल्याच लोणीत रोवली. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, त्याच्या जोरावर बंगले, कॉलेजे, आमदारक्या उभ्या राहिल्या. दक्षिणेकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले आहे. आणि अशा जिल्ह्यात, विहिरीला पाणी लागल्यावर, एका गावाने म्हणायचे की ऊस नको, केळी नको. विहीर कोरडी असताना ऊस नको म्हणणे म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट. ती भरल्यावर म्हणायला छाती लागते.

कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब करून पाहू. गावाचे क्षेत्र साधारण ९७६ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडते. म्हणजे गावाच्या शिवारात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ एक कोटी लिटर. वर्षाचा पाऊस इथे चारशे मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा कमीच. तरी हे झाले चारशे कोटी लिटरच्या घरात. त्यातले बरेच उडून जाते, काही वाहून जाते, उरलेले मुरते. आता माणसांचे पाणी. वस्ती साधारण बारा-साडेबाराशे धरली आणि ग्रामीण नळयोजनांत धरतात तसे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर सगळ्या गावाचे वर्षाचे घरगुती पाणी होते अडीच कोटी लिटर. म्हणजे अडीच मिलिमीटर पाऊस. एक चांगली सर! मी हा आकडा तीनदा करून पाहिला. गावाची तहान एका सरीची आहे. मग टँकर का लागतात? कारण पाटाने भिजवलेला एक हेक्टर ऊस वर्षाकाठी साधारण दोन कोटी लिटर पितो. तीन एकर ऊस लावणारा एकटा शेतकरी अख्ख्या गावाचे वर्षभराचे घरगुती पाणी आपल्या बांधाच्या आत जिरवतो, आणि त्याला त्यात काही गैर वाटत नाही, कारण विहीर त्याची, मोटार त्याची, वीजबिल त्याचे.

हिवरे बाजारमध्ये हा हिशेब गेली वीसेक वर्षे ग्रामसभेपुढे मांडला जातो. पाऊस किती पडला, भूजल किती, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. पाऊस बरा असेल तर रब्बीला जास्त पाणी. कमी असेल तर कमी पाण्याची पिके. पाण्याचा ताळेबंद हा शब्द आता सरकारी परिपत्रकांतही गुळगुळीत झाला आहे, पण मुळात ती शेतकऱ्याच्या घरातलीच रीत. कणगीत किती आहे ते बघून पाहुण्याला राहा म्हणायचे. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतो? जनावरांच्या छावण्यांवर माणसेही मुक्कामाला होती. त्या वर्षीही हिवरे बाजारला टँकर लागला नाही. ते पाणी एकट्या त्या वर्षात वाचवलेले नव्हते. बऱ्या वर्षांत न उधळलेले होते.

आणि बोअरवेलबंदी. यामागे भूगर्भ आहे. हा सगळा काळा पाषाण, आत फारसे पाणी धरत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरुमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. विहीर वरच्या थरावर जगते. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात उतरते. बोअर खोल भेगांना जाऊन भिडतो आणि शेजारपाजारच्या विहिरींचे पाणीही खाली ओढून नेतो. पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी, पण शेतीसाठी बोअर नाही, असे गावाने ठरवले. मला यात भूगर्भापलीकडचेही काहीतरी दिसते. विहिरीत डोकावता येते. सकाळी बादली सोडायला आलेल्या पोरालाही कळते की पाणी दोन पायऱ्या उतरले. माझी विहीर उतरली हे तुला दिसते, तुझी उतरली हे मला. बोअरमध्ये डोकावता येत नाही. सहा इंची केसिंगवर झाकण असते, आणि पाणी संपल्याची पहिली खबर मोटारीचा आवाज बदलला की मिळते. तोवर फार उशीर झालेला असतो. माणसांतही विहिरी आणि बोअर असतात असे कधी कधी वाटते. माझा स्वभाव बोअरचा आहे, हे घरचे सांगतील.

आता न पटलेले. नसबंदी हा शब्द १९७६ मध्ये, आणीबाणीत, सक्तीने जे घडले त्यानंतर सहजपणे लिहिता येत नाही. ग्रामसभेने लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याचा ठराव केला, त्याचेही देशभर कौतुक झाले. हेतू चांगला असेल, आहेच. पण गवताचा नियम आणि शरीराचा नियम एका यादीत बसवताना माझा हात अडखळतो. डोंगर सगळ्यांचा, म्हणून त्याच्यावर सगळ्यांनी ठरवायचे. देह सगळ्यांचा नाही. स्वतःला घातलेली मर्यादा आणि दुसऱ्याला घातलेली मर्यादा यांत अंतर आहे, आणि गाव जितके लहान तितके ते अंतर दिसेनासे होते. हात वर करणाऱ्या पन्नास जणांत एकावन्नाव्याचा हातही आपोआप वर जातो. तो पटले म्हणून जातो की उद्या बांधावर बोलणे-चालणे ठेवायचे आहे म्हणून, हे मिनिटबुकात लिहिलेले नसते. जानेवारी २०२१ मध्ये हिवरे बाजारमध्ये तीस वर्षांत प्रथमच ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले. समोर विरोधी उमेदवार उभे राहिले, आणि सातही जागा पोपटरावांच्या पॅनेलने जिंकल्या. ‘आदर्श गावाला दृष्ट लागली’ असे तेव्हा काहींना वाटले. मला उलट बरे वाटले. बिनविरोध ही मोठी गोष्ट आहे, पण तीस वर्षे बिनविरोध राहिलेल्या गावालाही एकदा पेटीपुढे जाऊन पाहायला हवे होते. विरोधात उभे राहिलेल्यांनीही गावाचे काहीतरी भलेच केले, असे मी म्हणेन.

गांधीजींचा विषय निघाला की आपण सत्य-अहिंसेवर जातो आणि दोन मिनिटांत सभा पेंगू लागते. मला त्यांच्या आश्रमातली एक बारीकशी रीत आवडते. साबरमतीत सायंप्रार्थनेच्या वेळी हजेरी होई, आणि नाव पुकारले की आज किती तार सूत कातले तो आकडा सांगायचा. ‘आज मन कसे आहे’ हे कुणी विचारत नसे. ‘किती तार?’ आकडा कमी असला तर कमी, पण सांगायचा, सगळ्यांसमोर. आज ज्याला आत्मपरीक्षण म्हणतात ते बहुधा डोळे मिटून एकट्याने होते, म्हणून त्याचा निकाल नेहमी आपल्याच बाजूने लागतो.

या जिल्ह्याला मनःस्थैर्याचा मोठा वारसा आहे, असे एखादा वक्ता आज कुठल्यातरी सभेत म्हणेलच. म्हणू दे, खोटे नाही. नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो खांब आजही आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाबद्दल जो प्रश्न विचारतो, तो मला फार आवडतो. व्याख्या तर तो विचारतोच, पण तेवढ्याने त्याचे भागत नाही. असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे त्याला हवे आहे. लढवय्याचा प्रश्न, त्याला खूण हवी आहे, बघून ओळखता येईल अशी. याच जिल्ह्यातल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद आदी नेते स्थानबद्ध होते. बाहेर देश पेटलेला, आत पत्र-वर्तमानपत्रांची मारामार, सुटकेची तारीख नाही. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी तिथे बाग केली, हे त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. त्यांनी कुदळ घेतली आणि वाफे खणायला सुरुवात केली. बसतो कसा, चालतो कसा याचे हे एक उत्तर झाले.

दुसरे उत्तर पर्जन्यमापकापाशी आहे. हे यंत्र म्हणजे काही यंत्रच नव्हे. नरसाळे, खाली साठवणीची बाटली आणि मोजायला खुणांचे काचपात्र. हवामान खात्याच्या शिस्तीप्रमाणे रोज सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी काचपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा आणि आकडा लिहायचा. धो धो पाऊस पडला की कुणीही उत्साहाने आकडा लिहील. शंभरी ओलांडली तर फोन करून चार गावांना सांगेल. खरी कसोटी असते ती बाकीच्या दिवसांची, आणि आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस बाकीचेच असतात. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार. आभाळात ढगाचा ठिपका नाही. बाटली कोरडी असणार हे अंथरुणातूनच माहीत आहे. तरी उठायचे, जायचे, बघायचे आणि रकान्यात शून्य लिहायचे. रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळ्या रकान्याचा अर्थ ‘पाऊस नाही’ असा होत नाही. ‘कुणी पाहिले नाही’ असा होतो. वर्षाची बेरीज करताना शून्याने काही बिघडत नाही. मोकळ्या रकान्यांनी मात्र सगळी वही संशयास्पद होते. त्या वर्षी पाऊस खरेच कमी होता की मोजणारा लग्नाला गेला होता?

आमच्या सोसायटीतही एक वही आहे, किंवा होती. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात टँकरवरून भांडणे झाली तेव्हा सर्वसाधारण सभेत मीच उभा राहून पाणी मोजण्यावर लांबलचक भाषण केले. हिवरे बाजारचे उदाहरण दिले. टाळ्या पडल्या. टाकीच्या तोटीजवळ मीटर बसला, दोनशे पानी वही आली, रोज सकाळी आळीपाळीने नोंद करायची असे ठरले. माझी पाळी गुरुवारची.

आज सकाळी आपट्याची पाने आणायला खाली उतरलो तेव्हा, हा लेख डोक्यात असल्यामुळे, मीटरपाशी गेलो. काचेवर धूळ होती, आत एका कोपऱ्यात कोळ्याने जाळे केले होते. पंच्याच्या टोकाने काच पुसली. आकडे वाचता येत होते. शेवटचे चाक सावकाश फिरत होते, म्हणजे दसऱ्याच्या अंघोळी वर चालू होत्या. वही कुठे ठेवली म्हणून वॉचमनला विचारले. तो नवा आहे, श्रावणातच लागला आहे. “कंची वही, साहेब?” त्याने विचारले. मग मीच गेटजवळच्या खणात हात घालून शोधली. नाव-पत्त्याच्या रजिस्टरखाली, जुन्या दिव्यांच्या खोक्यामागे ती निघाली. पहिली नऊ पाने भरलेली होती. गुरुवारच्या नोंदी तीन.

घरी आई आता ऐंशीच्या पुढची आहे. घटाला तिचाच हात लागतो, पाणी मात्र सूनबाई भरते. मी वर आलो तेव्हा ती घटाच्या पत्रावळीतून कोंबांचा तुरा मुळासकट उपटत होती. या वर्षी चांगले वीतभर आले आहेत. मी टोपी घालत नाही, तेव्हा तिने तो माझ्या कानामागे खोवला आणि विचारले, “हात कशानं भरलेत रे तुझे? जा, धुऊन ये आधी.”